फाटकवाला वेळेवर बाहेर येईपर्यंत

वीज खात्यात मी एकतीस वर्षं काढली, पण विजेशी माझा कधी संबंध आला नाही. मी आस्थापना विभागात होतो. लोकांच्या रजा, बदल्या, सेवापुस्तकं, आणि उशिरा येणाऱ्यांना द्यायच्या नोटिसा एवढंच माझं जग. शेजारीपाजारी मात्र मला अजूनही वायरमन समजतात. कुणाकडे ट्यूब लुकलुकायला लागली की दारात येऊन उभे राहतात. मी त्यांच्याबरोबर जातो, गंभीर चेहऱ्यानं वर बघतो आणि ‘चोक गेला असेल’ असं सांगतो. चोक म्हणजे नेमकं काय, हे मला आजही माहीत नाही. बहुतेक वेळा तोच गेलेला असतो.

त्यामुळे गेल्या दिवाळीच्या साफसफाईत बायकोनं माळ्यावरून एक जुनं खोकं खाली दिलं आणि विचारलं, “हे ठेवायचं का भंगारात घालायचं?” तेव्हा मी जे बोललो त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी म्हणालो, “मी दुरुस्त करणार आहे ते.”

बायको स्टुलावरच होती. ती फक्त स्टुलावरून जरा सावकाश उतरली.

त्या खोक्याची कथा सांगायला हवी. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, फौजेत सुभेदार होते. त्यांच्या एका साहेबांनी परदेशातून आपल्या मुलांसाठी खेळण्यातली आगगाडी आणली होती. मुलं मोठी झाली, साहेब निवृत्त झाले, आणि जाताना गाडीची दोन खोकी अण्णांना देऊन गेले. मोठ्या खोक्यात इंजिन, तीन डबे आणि रूळ. छोट्या खोक्यात रुळांच्या कडेला मांडायच्या वस्तू. एक सिग्नल, एक दिव्याचा खांब आणि फाटकवाल्याची केबिन.

अण्णा सुट्टीवर साताऱ्याला आले ते दिवाळीत. सगळी आळी गोळा झाली. अण्णांनी रूळ जोडले, इंजिन ठेवलं आणि बटण दाबलं. गाडी एकशे दहा व्होल्टच्या देशातली, आमची वीज दोनशे तीसची. गाडी जागची हलली नाही, पण तिच्या ट्रान्सफॉर्मरमधून असा काही धूर निघाला की आई कौतुकानं म्हणाली, “अगदी खऱ्यासारखं केलंय हो!”

अण्णांनी त्याच दिवशी दोन्ही खोकी कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि हुकूम सोडला. “कुणी हात लावायचा नाही.” माझ्या बालपणात तो हुकूम कधी मागे घेतला गेला नाही. पुढं थोरली बहीण, म्हणजे अक्का, लग्न होऊन सांगलीजवळच्या माधवनगरला गेली, तेव्हा मोठं खोकं तिच्याबरोबर गेलं आणि छोटं आमच्याकडे राहिलं. नातेवाइकांनी यावर बराच विचार केला. गाडी एकाकडे आणि फाटक दुसऱ्याकडे, म्हणजे बहीणभाऊ कायम एकमेकांना धरून राहतील, असा अण्णांचा दूरदर्शी हेतू होता, असं आमचे एक काका सांगत. मी एकदा अक्काला विचारलं. ती म्हणाली, “छे रे. ते ट्रंकेत मावलं, म्हणून टाकलं.”

तर छोट्या खोक्यातली ती केबिन. जेवणाच्या डब्याएवढी, पत्र्याची, लाल छपराची. आत बोटभर उंचीचा एक माणूस, निळा गणवेश, हातात कंदील. गाडी जवळ आली की दार उघडून त्यानं कंदील हलवत बाहेर यायचं, गाडी गेली की आत जायचं. खोक्यावरच्या चित्रात तरी तसं दाखवलं होतं. मी साठी ओलांडली तोवर तो एकदाही ड्यूटीवर आलेला मी पाहिला नव्हता. नोकरीत असतो तर केव्हाच नोटीस काढली असती.

मी कामाला लागलो. मोबाइलवर एक गोरे आजोबा असल्या वस्तू दुरुस्त करून दाखवत होते. त्यांचं बोलणं निम्मं कळत नव्हतं, पण हात दिसत होते. एका मित्राच्या बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमधून लहान ट्रान्सफॉर्मर काढून घेतला. केबिनचा तळ उघडला. आत तारेची एक गुंडाळी आणि तिच्या पोकळीत एक लोखंडी दांडी. वीज आली की गुंडाळी दांडीला ओढते, दांडी दाराला ढकलते आणि माणूस बाहेर येतो. एवढं साधं. आजोबा म्हणाले, जरासं तेल घाला. कुठं घाला आणि कोणतं घाला, हे नेमकं त्या निम्म्या न कळलेल्या भागात राहिलं. घरात शिलाई मशीन नाही, म्हणून मशीनचं तेल नाही. मी खोबरेल घातलं. सढळ हातानं घातलं.

बटण दाबलं आणि तो बाहेर आला! जरा अडखळत, कंदील थरथरत, पण आला. बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. “अग्गोबाई, मिशा पण आहेत की!” मी त्याला दहा-बारा वेळा बाहेर बोलावला. त्या संध्याकाळी मी एकतीस वर्षांनी खऱ्या अर्थानं वीज खात्यातला माणूस झालो.

मग पौष आला. साताऱ्यातल्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय ओतता येत नाही, हे साताऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायच्या भरात माणसाला हे आठवत नाही. मी बटण दाबलं. फाटकवाला अर्धा बाहेर आला आणि दारातच अडकला. एक पाय आत, कंदील बाहेर. मला वाटलं, जरा जोर लागतोय, येईल. मी बटण दाबून धरलं. तो आला नाही. थोड्या वेळानं केबिनमधून फोडणी जळाल्यासारखा वास आला. पाहुणे म्हणाले, “असू दे, असू दे, छान आहे.” आणि लगेच उठले.

साताऱ्यातल्या तीन दुकानांत मी ती केबिन घेऊन फिरलो. एकानं सांगितलं, फेकून द्या आणि बॅटरीवरचं नवीन घ्या. दुसऱ्यानं हातात न घेताच मान हलवली. तिसरा आमच्याच खात्यातला निवृत्त लाइनमन निघाला. तो म्हणाला, “साहेब, रहिमतपूरला एक बाई मोटारी भरती. तिच्याकडं जावा. ती न्हाई म्हणली तर मग देवाकडं.”

रहिमतपूरला रस्त्याकडेला तिचं दुकान. बाहेर चिखलानं माखलेले विहिरीवरचे पंप पडलेले, आत तांब्याच्या तारेची रिळं टांगलेली. बाई पस्तिशीची. नवरा फौजेत, मोटारीच्या गुंडाळ्या भरायचं काम सासऱ्याकडून शिकलेलं. सासरे आता खुर्चीत बसून चहा सांगायचं काम करत होते.

“पंप कुठाय काका?” तिनं विचारलं.

“पंप नाही.” मी पिशवीतून केबिन काढून टेबलावर ठेवली.

तिनं ती उलटी केली, तळ उघडला, नाकाशी नेली. “कॉइल जळलीया. आन् ह्यो वास कसला? खोबऱ्याचा?”

“जरा तेल घातलं होतं.”

“खोबरेल?”

“घरात तेवढंच होतं.”

“आवं काका, त्याला काय केसं यायची हायती व्हय?”

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते शांत झाल्यावर तिनं विचारलं, “नोकरीला कुठं हुता तुमी?”

“वीज खात्यात.”

ती मान खाली घालून पक्कड शोधायला लागली. माणूस किती सभ्य आहे हे अशा वेळी कळतं.

जळलेल्या गुंडाळीला मुळात किती वेढे होते ते मोजल्याशिवाय नवीन भरता येत नाही. “मी सोडवती, तुमी मोजा,” ती म्हणाली. केसासारखी बारीक तार तिच्या बोटांतून सुटत होती आणि मी मोजत होतो. चारशेच्या पुढं गेलो आणि खिशातला फोन वाजला. कुणीतरी मला प्लॉट विकू पाहत होतं. मी फोन बंद करून वर बघितलं तर ती थांबून माझ्याकडं बघत होती.

“किती झालं?”

मला सांगता येईना.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “जाडीवरनं अंदाज बांधती. पंप असता तर चाललं नसतं. ह्येला चालतंय. पाचपंचवीस हिकडं तिकडं.”

टेबलफॅनसाठी आणलेल्या तारेतून तिनं नवीन गुंडाळी भरली. दोन शेतकरी पंप घेऊन आले आणि ते काम बघत तिथंच बसले. एकानं विचारलं, “ह्यानं किती पाणी उचलतंय?” तिनं मान वर न करता सांगितलं, “ह्यो माणूस उचलतोय.” मग तिनं स्पिरिटनं आतलं सगळं खोबरेल पुसून काढलं आणि मला तीन हुकूम दिले. “आत तेलाचा थेंब बी न्हाई, कोरडं ठेवायचं. बटण दाबून धरायचं न्हाई. आला भायेर तर आला, न्हाई तर सोडायचं. आन् चालला की मला व्हिडिओ धाडायचा.” सबंध नोकरीत मला इतका स्वच्छ आदेश कुणी दिला नव्हता.

घरी फाटकवाला टकाटक चालायला लागला. पण बटणावर. खरी गंमत बटणाची नव्हती. खोक्यात एक पत्र्याची पट्टी होती. ती रुळाखाली ठेवायची. गाडीचं वजन पडलं की पट्टी दबते, दोन टोकं एकमेकांना टेकतात आणि फाटकवाल्याला आपोआप वर्दी मिळते. पट्टी किती वजनाला दबावी हे ठरवायला बाजूला एक स्क्रू. स्क्रू सैल केला तर माशी बसली तरी माणूस बाहेर. घट्ट केला तर हत्ती गेला तरी आत. मधली जागा शोधायला गाडी हवी. माझ्याकडे गाडी नव्हती. मी पट्टीवरून आधी पाण्यानं भरलेला तांब्या सरकवला, मग खलबत्ता. खलबत्त्यावर त्याचं छान बसलं. खलबत्ता आला की फाटकवाला कंदील घेऊन बाहेर, खलबत्ता गेला की आत. बायकोनं चार दिवस हे पाहिलं आणि म्हणाली, “अक्कांना फोन करा. मला लसूण कुटायचाय.”

अक्काला फोन करणं इतकं सोपं नव्हतं. अण्णा शेवटची दोन वर्षं तिच्याकडे माधवनगरला होते. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन, माझी नोकरी. कारणं सगळी खरी होती. मी दर रविवारी एसटीनं जायचो, अण्णांजवळ बसायचो आणि साडेचारच्या गाडीनं परत यायचो. अण्णा गेल्यावर, दिवस चालू असताना, कुणीतरी माझी ओळख विचारली आणि अक्का सगळ्यांदेखत म्हणाली, “हा आमचा रविवारचा पाहुणा.” मी म्हणालो, “रविवारचा तरी आहे.” त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर भाऊबीज चुकली नाही, पण ओवाळून झालं की आम्ही एकमेकांना साखर किती आली ते सांगायचो, चहातली नव्हे, रक्तातली, आणि उठायचो.

श्रावणात मी फोन लावला. “यंदा गौरीपुढं आरास करणार आहेस का?”

“दरवर्षी करते.”

“गाडी ठेवूया का त्यात? माझ्याकडचं फाटक चालू केलंय मी.”

पलीकडे तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग, “आण.”

“गाडी गंजली असेल. दोन दिवस आधी येतो. सामान घेऊन.”

“ये,” अक्का म्हणाली. “बघ काय करतोस ते.”

तर मी पॉलिश पेपर, स्पिरिट, ब्रश, चार पेचकस आणि मांडीवर खोकं घेऊन सांगलीच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, “खोक्यात काय हाय? मांजर बिंजर न्हाई न्हवं?”

“फाटकवाला आहे.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, तिकीट दिलं आणि कऱ्हाड येईपर्यंत पुन्हा माझ्या बाजूला आला नाही.

माधवनगरच्या घरी दाजींनी दार उघडलं. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. कापडगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावरही त्यांचे हात बंद पडले नाहीत. बोलायला माणूस फार कमी. मी चहा व्हायच्या आतच पिशवीतलं सामान सतरंजीवर ओळीनं मांडलं आणि म्हणालो, “दाजी, आधी सगळं स्पिरिटनं पुसून घ्यावं लागेल. खोबरेल चुकूनही घालायचं नाही. फार लोक ती चूक करतात.”

“व्हय का,” दाजी म्हणाले.

अक्कानं आतून मोठं खोकं आणलं. उघडलं. आत इंजिन नव्या भांड्यासारखं चमकत होतं. दाजींनी पाच मिनिटांत टेबलावर रूळ जोडले, स्वतः बनवलेला ट्रान्सफॉर्मर लावला आणि बटण फिरवलं. गाडी निघाली. कुरकूर नाही, धक्का नाही. वळणावर जरासा वेग कमी करून, एखाद्या घरंदाज बाईसारखी ती टेबलाला फेरी मारून आली. माझा पॉलिश पेपर माझ्या हातातच होता.

“ही कधी दुरुस्त केली?” मी विचारलं.

दाजींनी अक्काकडं बघितलं. अक्का म्हणाली, “अण्णा इथं होते तेव्हा. त्यांना पलंगावरून उठवत नव्हतं. एक दिवस म्हणाले, ती आगगाडी असेल का गं अजून? ह्यांनी पंधरा दिवस खपून चालू केली. मग रोज संध्याकाळी पलंगाशेजारी टेबल लावायचो. अण्णा कुशीवर होऊन बघत बसायचे.”

“रोज?”

“रोज. रविवार सोडून.”

मला वाटलं, ती टोमणा मारतेय. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. डब्यावरची नसलेली धूळ पुसत होती.

“रविवारी का नाही?”

“अण्णाच म्हणायचे. साहेब यायच्या आत गाडी यार्डात घाला.” अण्णा मला माघारी साहेब म्हणायचे, हे मला तेव्हाच कळलं. “मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, पोराला लहानपणी एकदा बी हात लावू दिला न्हाई मी. आता म्हाताऱ्यासाठी चालवताय हे बघून त्याला काय वाटंल?”

मी खाली बसलो. काय वाटेल, याचा अंदाज अण्णांनी बरोबर बांधला होता. मला राग आला. पण तो कुणावर धरावा हे कळेना. अण्णांवर धरायचा तर त्यांनी माझाच विचार केला होता. अक्कावर धरायचा तर तिनं त्यांचा शब्द पाळला होता. उरलो मी. ज्या टेबलावर आठवड्यातले सहा दिवस गाडी फिरायची, त्याच टेबलावर मी रविवारी केळी ठेवायचो आणि मग अण्णांना विचारायचो, “कंटाळा येत नाही ना?” ते म्हणायचे, “न्हाई. बरं चाललंय.”

“तू मला सांगायचंस तरी,” मी अक्काला म्हणालो. “नंतर तरी.”

“तू विचारायचंस. दोन वर्षांत एकदा तरी विचारलंस, अण्णा दिवसभर काय करतात? यायचास आणि साडेचारच्या गाडीसाठी घड्याळ बघत बसायचास.”

“पुढची गाडी सातला होती, अक्का.”

“मग सातला जायचं.”

 तेवढ्यात दाजी बोलले. ते त्या दिवशीचं त्यांचं दुसरं वाक्य असेल. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, ते मामा म्हणायचे. “त्यो फाटकवाला काढा की भायेर. मामा लय आठवण काढायचं त्याची. म्हणायचं, गाडी हाय, पर फाटकावर माणूस न्हाई.”

मी केबिन काढली. मग समोर चार पेचकस पडलेले असताना पेचकस शोधत बसलो.

पट्टी रुळाखाली बसवली, स्क्रू टेबलाच्या फळ्यांच्या फटीतून खालून फिरवता येईल अशी, आणि तारा जोडल्या. गाडी आली, गेली. फाटकवाला आत. पुन्हा आली, पुन्हा गेली. तो ढिम्म. “तुझा माणूस रजेवर आहे,” अक्का म्हणाली. मी स्क्रू बघितला आणि माझ्या लक्षात आलं, तो खलबत्त्याच्या वजनावर लावलेला होता. मी सैल केला. आता गाडी दूर असतानाच टेबलाच्या थरथरीनं तो बाहेर यायचा आणि बाहेरच उभा राहायचा. दाजींनी आतून गिरणीतले जुने नट आणून डब्यांत भरले, गाडी जड झाली. मी स्क्रू पाव पेच घट्ट केला. आता तो यायला लागला, पण गाडी पूर्ण निघून गेल्यावर. शेवटचा डबा वळण घेऊन पलीकडं गेला की हे महाशय दार उघडून रिकाम्या रुळाला कंदील दाखवायचे.

दुसरा दिवस गौरी आवाहनाचा. सकाळपासून मी टेबलाखाली उताणा, दाजी वर गाडीच्या बटणाशी आणि अक्का मुखवट्यांना नथ घालता घालता आमच्यावर ओरडायला. मी पाव पेच फिरवायचो, दाजी गाडी सोडायचे, अक्का सांगायची, “उशीर! अजून उशीर!” आमच्या तिघांची वयं मिळवली तर दोनशेच्या आसपास भरतील. शेजारची एक बाई हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला आली, तिनं टेबलाखालून निघालेले माझे पाय बघितले आणि दारातूनच विचारलं, “कुणाला काय झालंय का?”

दुपारी अक्का वैतागली. हातातली करंजी ताटात ठेवून ती टेबलापाशी आली आणि दोन फेऱ्या नुसती बघत उभी राहिली. मग म्हणाली, “ती पट्टी कुठं आहे?”

“केबिनच्या समोर,” मी खालून म्हणालो.

“समोर कशाला? माणसाला उठायला, दार उघडायला, कंदील घ्यायला वेळ लागतो का नाही? गाडी दारात आल्यावर त्याला हाक मारताय तुम्ही. आधी नको का सांगायला?”

टेबलाखालून मी वर बघितलं आणि दाजींनी वरून खाली. आस्थापनेत एकतीस वर्षं आणि गिरणीत जवळपास तेवढीच. आम्ही पट्टी काढली आणि वीतभर अलीकडं, वळणापाशी लावली. दाजींनी बटण फिरवलं. गाडी वळणावर आली, केबिनमध्ये बारीक खट्ट झालं, दार उघडलं, फाटकवाला बाहेर येऊन उभा राहिला, इंजिन त्याच्या समोरून गेलं, तीन डबे गेले, आणि तो शांतपणे आत गेला. दार लागलं.

अक्का नथ सरळ करायला म्हणून गौरीकडं वळली. दाजींनी आणखी एक फेरी सोडली. आणि मग, कुणी न सांगता, आणखी एक.

मी टेबलाखालून बाहेर आलो तेव्हा अक्का पाठमोरीच म्हणाली, “तू चालव आता.” दाजींनी बटणावरचा हात काढला. मी पहिल्यांदाच त्या गाडीला हात लावत होतो. इतक्या हळू सोडली की ती वळणावर थांबली आणि ढकलावी लागली.

गौरीजेवणाच्या दिवशी बायका येत राहिल्या. अक्कानं गौरींच्या पायाशी रूळ मांडून कडेनं गव्हाचे हिरवे अंकुर ठेवले होते. फाटकवाला दिवसभरात किती वेळा बाहेर आला असेल कोण जाणे, पण एकदाही चुकला नाही. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो आणि प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडं आशेनं बघत होतो. बायकांनी गौरींच्या साड्या बघितल्या, दागिने बघितले, करंज्यांना मुरड कशी घातलीय ते बघितलं, गाडीकडं बघून “अय्या, गाडी!” म्हणाल्या आणि कुंकू लावून घेऊन गेल्या. फाटकवाला वेळेवर येतोय हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. वेळेवर येणाऱ्या माणसाकडं कोण बघतं? आदल्या दिवशी पाय बघून गेलेली शेजारीण तर म्हणाली, “काल जास्त मजा येत होती. गाडी गेल्यावर यायचा ना तो!”

एक ऐंशीच्या घरातल्या आजी मात्र पाच फेऱ्या बघत उभ्या राहिल्या. मी सरसावून पुढं झालो. आजी म्हणाल्या, “ह्यो बाबा सारखा आतभायेर का करतोय? पोट बिघाडलंय व्हय त्येचं?”

मी रहिमतपूरला व्हिडिओ पाठवला. तासाभरानं उत्तर आलं. “छान. तेल घालू नका.”

विसर्जनानंतर आवरताना अक्कानं केबिन, सिग्नल आणि खांब उचलून मोठ्याच खोक्यात ठेवले. मी बघत होतो. तिनं विचारलं नाही, मीही काही म्हणालो नाही. रिकामं छोटं खोकं तिनं मला दिलं. त्यात करंज्या भरून मी साताऱ्याला आलो. बायकोनं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, “ही अदलाबदल बरी झाली.”

आता मी महिन्यातून एकदोनदा माधवनगरला जातो, कोणत्याही वारी. परवा गेलो तेव्हा दाजींनी सिग्नल काढला होता. त्याचा हात वर केला की आपोआप खाली पडत होता. मागून वजन लावायला हवं होतं. मी शर्टाचं बटण सुचवलं, दाजींना नट हवा होता. बटण हलकं पडलं, नट जड झाला, मग दोन बटणं, मग लहान नट. अक्का तीनदा येऊन सांगून गेली की टेबल मोकळं करा, पानं घ्यायचीत. दाजी प्रत्येक वेळी म्हणाले, “झालंच.” सिग्नल काही झाला नाही. जेवणं दुपारी अडीचला झाली. आमटी दोनदा गरम करावी लागली, आणि ती गरम करताना अक्का आम्हा दोघांना जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.